कुठले आपण?

परीक्षणासाठी पुस्तक घरी आलं की मी आधी ते उलटं करून किंमत बघतो. मग अर्पणपत्रिका, मग प्रस्तावना कुणाची आहे ते, मग मुद्रकाचं नाव, आणि तोवर संपादकांचा दुसरा फोन आला नाही तर पुस्तकसुद्धा. या खेपेला जी कृती परीक्षणाला घेतली आहे तिला किंमत नाही, अर्पणपत्रिका नाही आणि प्रस्तावना लिहायला कुणी थोर माणूसही सापडलेला नाही. तिला म्हणतात लायब्ररी. लायब्ररी असून तिच्यात एकही पुस्तक नाही, वर्गणी नाही, ‘शांतता राखा’ ही पाटी नाही आणि त्या पाटीखाली उभे राहून मोठ्यानं बोलणारे ग्रंथपालही नाहीत.

संगणकवाल्यांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवलेली आज्ञावली. इतरांनी ती उसनी आणून आपल्या कामात घालायची. शेजारच्या घरून विरजण आणावं तशी. या लायब्ररीचं नाव ‘माइमटाइप्स’. पायथॉन नावाची जी संगणकाची भाषा आहे, तिच्या घरातच ती राहते. बाहेरून आणावी लागत नाही. काम एकच. तिला फाइलीचं नाव सांगायचं, ती फाइलीचा प्रकार सांगणार. हे चित्र, हे गाणं, हा साधा मजकूर, हे काय ते ठाऊक नाही. बस्स. एवढ्याशा कामावर काय लिहायचं, असं मलाही वाटलं होतं. पण आमच्या नानामामांच्या फायलींचं प्रकरण निघालं आणि मी ही कृती मुळापासून वाचायला घेतली. नानांकडे येतोच, आधी थोडा इतिहास. इतिहास सांगितल्याशिवाय मराठी परीक्षणाला वजन येत नाही.

‘माइम’ म्हणजे तोंडाला पांढरा रंग फासून मुक्यानं अभिनय करणारा तो नव्हे. ‘मल्टिपर्पज इंटरनेट मेल एक्स्टेन्शन्स’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. आधी ई-मेलमधून जायची ती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं. चित्र पाठवायचं, गाणं पाठवायचं, तर ज्याच्या त्याच्या आपापल्या खटपटी. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी बसून त्याचे नियम केले आणि ते जून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, ११ मार्च १९९२ ला, बोरेनस्टीननं प्रयोग म्हणून एक पत्र धाडलं. सोबत काय जोडलं? तो आणि त्याचे तीन मित्र मिळून गात असत, त्या चौकडीचा फोटो आणि त्यांचं गाणं! मला हे फार आवडलं. नवी तार ओढून झाली की माणूस पहिल्यांदा राष्ट्राला संदेश देतो अशी आपली समजूत असते. या गृहस्थानं आपल्या भजनी मंडळाचा फोटो पाठवला.

तर त्या नियमांत जगातल्या यच्चयावत फायलींचे सात वर्ग केले. मजकूर, चित्र, ध्वनी, चलच्चित्र, पत्रातलं पत्र, अनेक भागांची मोट, आणि जे यात कुठंच बसत नाही त्यासाठी ‘ॲप्लिकेशन’. हा शेवटचा वर्ग म्हणजे वाड्यातली माळ्याखालची खोली. ज्याचं काय करावं ते सुचत नाही ते तिथं सरकवायचं. पुढं १९९७ मध्ये ‘मॉडेल’ आलं, २०१७ मध्ये ‘फॉन्ट’ला स्वतंत्र दार मिळालं आणि २०२५ मध्ये ‘हॅप्टिक्स’, म्हणजे स्पर्श, हाही एक वर्ग झाला. वासाला अजून वर्ग नाही. आमच्या चाळीत तो पहिला आला असता, आणि श्रावण सोडून.

वर्ग, मग तिरकी रेघ, मग जात, अशी ही नावं लिहितात: इमेज/जेपेग, टेक्स्ट/प्लेन. अमेरिकेतल्या ‘आयाना’ या कचेरीत त्यांची नोंदवही असते. आपली ‘माइमटाइप्स’ म्हणजे अशा नोंदींची एक घरगुती प्रत आणि ती चाळणारं एक बोट, एवढंच. म्हणजे मूळ वाङ्मयप्रकार कोणता? यादी. आणि यादीचं वाङ्मय मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आपल्याकडं लग्नं यादीवर जमतात आणि यादीवरच मोडतात.

यादी म्हणून वाचायला ही मोठी रंजक आहे. भाषाशैली सरकारी. वर्डच्या साध्या फाइलीचं, म्हणजे जिला आपण ‘डॉक एक्स’ म्हणतो तिचं, नोंदवहीतलं नाव असं: ‘ॲप्लिकेशन/व्हीएनडी.ओपनएक्सएमएलफॉरमॅट्स-ऑफिसडॉक्युमेंट.वर्डप्रोसेसिंगएमएल.डॉक्युमेंट’. रोमन लिपीत टिंबं-रेघा धरून ७१ खुणा. संस्थानिकांची बिरुदावली आठवली. फरक इतकाच की संस्थानिकाला शेवटी बाळासाहेब म्हणता येई.

बदल्याही आहेत. जावास्क्रिप्ट नावाच्या फायली सुखानं ‘टेक्स्ट’ खात्यात नांदत होत्या. २००६ मध्ये हुकूम निघाला: या मजकूर नव्हेत, यांची बदली ‘ॲप्लिकेशन’मध्ये. निम्म्या जगानं हुकूम मानला, निम्म्यानं जुन्याच टेबलावर बसून काम चालू ठेवलं. मे २०२२ मध्ये दुसरा हुकूम निघाला: बदली रद्द, परत ‘टेक्स्ट’मध्ये रुजू व्हा. १६ वर्षं! ज्यांनी पहिला हुकूम वाचलाच नव्हता ते या सबंध काळात नियमानं वागत आले असं ठरलं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेला कुणीही यावर नुसती मान डोलावील.

आणि यादीवरून भांडणंही. मार्च २०२१ मध्ये ‘माइममॅजिक’ नावाच्या अशाच एका लायब्ररीवरून मोठा घोळ झाला. तिच्यातली यादी दुसऱ्या एका प्रकल्पातून घेतलेली होती. त्या यादीचा परवाना एका तऱ्हेचा, लायब्ररीचा दुसऱ्या तऱ्हेचा. हे लक्षात आणून दिल्यावर जुन्या प्रती मागे घेतल्या गेल्या. ‘रुबी ऑन रेल्स’ या प्रसिद्ध चौकटीवर बांधलेली असंख्य कामं तिच्यावर उभी होती. ती नव्यानं बसवायला जावं तर एक वीट कमी. एवढी मोठमोठी घरं, आणि पायाशी काय, तर कुठल्या फाइलीला काय म्हणावं याची यादी.

आता मुख्य मुद्दा. ही लायब्ररी प्रकार ओळखते कसा? फाइल उघडून बघते? छे! नावातलं शेवटचं टिंब शोधते आणि त्याच्या पुढची अक्षरं वाचते. ‘जेपीजी’ दिसलं? चित्र. ‘टीएक्सटी’? मजकूर. फाइल खरोखर अस्तित्वात आहे की नाही, याचीही ती चौकशी करत नाही. जन्मालाच न आलेल्या फाइलीचं नाव सांगा, तिची जात ती ठामपणे सांगेल.

हे वाचून एखाद्या प्रोग्रॅमरला हसू येईल. मला घरी आल्यासारखं वाटलं. आपण दुसरं काय करतो? गाडीत समोर बसलेल्या माणसानं आडनाव सांगितलं की आपण लगेच “कुठले आपण?” विचारतो, आणि त्यानं गाव सांगितलं की तो काय खातो, कसा बोलतो, पैसे परत करील की नाही, सगळं आपल्याला कळलेलं असतं. माणूस उघडून कोण बघतो? तेवढा वेळ नसतो. कर्जत येतं.

पण या लायब्ररीच्या बाजूनं एक गोष्ट मला मोठ्यानं सांगायची आहे. तिच्यातल्या मुख्य आज्ञेचं नाव आहे ‘गेस टाइप’. गेस! म्हणजे अंदाज. ‘प्रकार सांगा’ नाही, ‘प्रकार ठरवा’ नाही, ‘अंदाज करा’. आणि ओळखता आलं नाही तर ती ‘नन’ असं उत्तर देते. म्हणजे, नाही सांगता येत. गेल्या कित्येक वर्षांत मी जे ग्रंथ परीक्षणाला घेतले त्यांत इतकं प्रामाणिक वाक्य मला आढळलेलं नाही. स्वतःच्या परीक्षणांबद्दल बोलत नाही.

आता नाना.

नाना म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये त्यांनी एक वापरलेला संगणक घेतला. त्यात पुण्याच्या सी-डॅकचं ‘जिस्ट’ कार्ड बसवलेलं होतं. त्या कार्डाची करामत अशी की जुन्या डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटत असे. नाना रोज सकाळी पूजा झाली की त्यापुढं बसत आणि एका बोटानं आठवणी लिहीत. मजकूर मराठी, पण फाइलीचं नाव रोमनमध्ये द्यावं लागे. त्यातही डॉसचा नियम: आठ अक्षरं, एक टिंब, पुढं फार तर तीन अक्षरं. टिंबानंतरची तीन अक्षरं फाइलीचा प्रकार सांगण्यासाठी असतात, हे नानांना कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल आणि हेडक्लार्क असल्यामुळं त्यांनी ते फेटाळलं असेल. मराठीत टिंब कशासाठी असतं? संक्षेपासाठी. ति., सौ., चि., कै., मु. पो., ता. क. तेव्हा स्वतःच्या आईच्या आठवणींच्या फाइलीला त्यांनी नाव दिलं टी, आय, टिंब, ए, आय. म्हणजे ‘ति.आई’. नातेवाइकांच्या पत्त्यांची फाइल ‘मुपो.रा’, रा. म्हणजे राहणार. आणि एक ‘ता.क’.

नाना गेले. फ्लॉप्या राहिल्या. माझी भाची मृण्मयी या धंद्यातली. तिनं त्या कुठून तरी वाचून आणल्या. फायली शंभरावर. तिच्या एका मित्रानं दहा मिनिटांत प्रोग्रॅम लिहून दिला: ‘माइमटाइप्स’ला विचारून चित्रं एका कप्प्यात, गाणी दुसऱ्यात, मजकूर तिसऱ्यात, आणि ‘नन’ आलेल्या सगळ्या ‘टाकाऊ’ नावाच्या कप्प्यात.

“मामा, नानाआजोबा गाणी पण करायचे?” मृण्मयीनं फोनवर विचारलं.

नाना आरतीसुद्धा बेसूर म्हणत. मी म्हटलं, “का गं?”

“गाण्यांच्या कप्प्यात एक फाइल आलीय.”

ती ‘मुपो.रा’ होती. ‘आरए’ हे टिंबापुढचं अक्षरद्वय म्हणजे ‘रिअलऑडिओ’ या एका जुन्या ध्वनिप्रकाराची खूण. आमच्या समस्त नातेवाइकांचे पत्ते गाणं म्हणून नोंदले गेले होते. आणि ‘ति.आई’? ‘एआय’ म्हणजे हल्ली जे सगळ्यांच्या तोंडी आहे ते नव्हे. ‘ॲडोबी इलस्ट्रेटर’ या चित्र काढायच्या प्रोग्रॅमची खूण. लायब्ररीनं उत्तर दिलं होतं ‘ॲप्लिकेशन/पोस्टस्क्रिप्ट’, म्हणजे छपाईयंत्राला द्यायच्या सूचना. माझी आजी जन्मभर कुणाला सूचना देत आली हे खरं, पण तिला छपाईयंत्रानं ऐकावं ही अपेक्षा तिचीही नव्हती. ‘ता.क’ अर्थातच ‘नन’. आणि तशाच इतर ऐंशी-पंच्याऐंशी. सगळ्या ‘टाकाऊ’मध्ये.

इथं माझी तक्रार सुरू होते, आणि ती लायब्ररीविरुद्ध नाही. तिनं अंदाज केला आणि अंदाज म्हणूनच हातात दिला. जिथं जमलं नाही तिथं ‘नाही सांगता येत’ म्हणाली. ‘नाही सांगता येत’चा अर्थ ‘टाकून द्या’ असा कुणी केला? दहा मिनिटांच्या प्रोग्रॅमनं. हे एकट्या त्या मुलाचं नाही. ‘नन’ला कुणी टिकू देत नाही. बहुतेक जण तिथं ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असं भारदस्त नाव चिकटवतात. त्याचा अर्थ, नुसता बाइटांचा ओघ. म्हणजे अज्ञानालाही प्रकार मिळाला. एकदा प्रकार मिळाला की पुढच्या टेबलावरचा कारकून ते ज्ञानच समजतो. जावास्क्रिप्टवाल्यांची अशीच एक यादी आहे. तिच्या लेखी ‘टीएस’ म्हणजे चलच्चित्र, आणि टाइपस्क्रिप्ट लिहिणाऱ्यांच्या फायलींचा शेवटही ‘टीएस’नंच होतो. विंडोजवर तर आपली ‘माइमटाइप्स’ घरच्या यादीबरोबर त्या यंत्रातल्या नोंदींवरही विश्वास टाकते. एखाद्या आगंतुक प्रोग्रॅमनं तिथं ‘जेएस म्हणजे साधा मजकूर’ असं लिहून ठेवलं असेल, तर ही तेच पुढं सांगते, आणि ब्राउझर चांगली धडधाकट आज्ञावली चालवायला नकार देऊन मोकळा होतो. गावात कुणी काय उठवलंय यावर मुलीचं स्थळ फिरावं तसं.

“मग फाइल उघडूनच बघणारं कुणी नाही का?” मी विचारलं.

आहे. युनिक्समध्ये १९७३ पासून ‘फाइल’ याच नावाची आज्ञा आहे, आणि तिच्या पोटात हल्ली ‘लिबमॅजिक’ नावाची लायब्ररी असते. ती नावाकडं ढुंकूनही बघत नाही. फाइलीचे पहिले काही बाइट वाचते. पुष्कळ फायलींच्या सुरुवातीला ठरलेली खूण असते. पीडीएफ स्वतःचं नाव सांगत येते. झिप फाइलीच्या तोंडाशी ‘पीके’ असतं. ती झिपच्या जनकाची, फिल कॅट्झची आद्याक्षरं. विंडोजच्या चालत्या प्रोग्रॅमांच्या तोंडाशी ‘एमझेड’, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की. भांड्यांवर नाव घालायची हौस आपल्यालाच नाही. (ती ७१ खुणांची डॉकएक्सही आतून झिपच असते, तीही ‘पीके’नंच सुरू होते. भांडं उसनं आणलेलं.)

मला वाटलं, ही खरी समीक्षक! पण हिची कीर्ती वाचल्यावर जरा गप्प झालो. २००९ च्या सुमारास उबुंटू वापरणाऱ्यांकडून तक्रार आली की ओपनऑफिसमधून मंगळवारी छपाई होत नाही. सोमवारी होते, बुधवारी होते, मंगळवारी नाही. आपल्याकडं हे कुणी कळवलंही नसतं. मंगळवार आहे म्हटल्यावर यंत्रालाही काही असेल, असं म्हणून बुधवारी छापलं असतं. त्यांनी शोध घेतला. छपाईला जाणाऱ्या फाइलीत तारीख असे आणि तारखेत वाराचं आखूड नाव, ‘ट्यू’. इकडं ‘फाइल’च्या यादीत अर्लांग नावाच्या भाषेच्या एका जुन्या फाइलीची खूण नोंदलेली होती: विशिष्ट जागी २२ जानेवारी १९९१, मंगळवार, ही तारीख. ती लिहिताना मधल्या मोकळ्या जागा नीट बांधल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळं ताडून बघताना फक्त ‘ट्यू’ एवढंच बघितलं जाई. बरोबर त्या जागी मंगळवार दिसला की ‘फाइल’ म्हणे, ही अर्लांगची. छपाईयंत्रणा म्हणे, मग आमची नव्हे. आतलं वाचूनही हे!

नानांच्या फायली आम्ही तिच्यापुढं ठेवल्या. ‘ता.क’बद्दल तिनं सांगितलं, रिकामी. खरंच शून्य बाइट. नानांनी नाव देऊन ठेवलं होतं आणि लिहायचं राहून गेलं. या एका फाइलीपुरतं दोघींचंही मी मान्य करतो.

‘ति.आई’वर मात्र तिनं निकाल दिला: साधा मजकूर, वर्णसंच ‘आयएसओ ८८५९-१’. म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा. उघडून बघितलं तर पडदाभर रोमन अक्षरं, कुणाच्या डोक्यावर दोन टिंबं, कुणाच्या टोपी, कुणाला शेपूट. फ्रेंच माणसाला ठसका लागावा तसं. त्यात तिचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. जिस्ट कार्ड मजकूर साठवी तो ‘इस्की’ या भारतीय संकेतात, १९९१ च्या आपल्या प्रमाणाप्रमाणं. त्यात खालचे १२८ क्रमांक इंग्रजीचे, वरचे आपल्या लिप्यांचे. तेच वरचे क्रमांक पश्चिम युरोपवाल्यांनीही आपल्या टोप्या-शेपट्यांना दिलेले. बाइट तेच, वाचणारा बदलला की आजीचं माहेर बदललं. शिवाय इस्कीत देवनागरी, बंगाली, गुजराती सगळ्यांना एकच क्रमांक, तेव्हा मराठी की बंगाली हेही बाइट सांगत नाहीत. आणि १९९६ च्या नियमात तर स्पष्टच आहे की साध्या मजकुराबरोबर वर्णसंच कळवला नसेल तर तो अमेरिकन इंग्रजी धरावा. न सांगता अमेरिकन! त्यात ‘अ’सुद्धा नाही.

म्हणजे एकीनं नावावरून आजीला छपाईयंत्र ठरवलं, दुसरीनं आत डोकावून युरोपियन. हे मराठी आहे हे कुणाला ठाऊक होतं? मृण्मयीला. कसं? तर लहानपणी नानांच्या शेजारी स्टुलावर बसून तिनं त्या काळ्या पडद्यावर ‘श्री’ उमटलेला बघितला होता. ही नोंद कुठल्याच यादीत नाही. तिनं इस्कीचा तक्ता शोधला, एका क्रमांकासमोर एक देवनागरी अक्षर मांडलं, आणि ‘टाकाऊ’ कप्पा आख्खा त्यातून काढला. दोन रविवार गेले. काही फायली अजूनही उघडलेल्या नाहीत. त्या वेगळ्या ठेवल्यात, आणि कप्प्याला नाव दिलंय ‘नन’.

‘ति.आई’ आम्ही आईला वाचून दाखवली. तीही यादीच निघाली. “आईच्या ट्रंकेत निघालेल्या वस्तू” असं वर, आणि खाली हेडक्लार्कच्या शिस्तीत अनुक्रमांक. नऊवारी पातळं दोन. चष्मा एक, काडी दोऱ्यानं बांधलेली. दळणाच्या हिशेबाची वही. आमच्या तिघांच्या जावळाच्या पुड्या तीन, नावं घातलेली. पोस्टाचं पुस्तक, शिल्लक रुपये अकरा.

“सतरा,” आई म्हणाली.

मृण्मयीनं पडद्यावर बोट ठेवलं. “आजी, इथं अकरा लिहिलंय.”

“लिहिलं असेल. सतरा होते. मीच काढून आणले. नाना हिशेबात पहिल्यापासून कच्चा.”